मेन लाइन की हार्बर?

'तुझी कॉपी? अगं, ही स्टोरी तर आमच्याकडे मेपासून पडून आहे!'

फोनवरचं हे वाक्य मला अजून शब्दन् शब्द आठवतं. सप्टेंबर २०२१. लॉकडाऊनमध्ये कॉल सेंटरच्या पिक-अप ड्रॉपच्या गाड्या ठप्प झाल्या, तेव्हा ते ड्रायव्हर काय करत होते, यावर मी एक लांबलचक लेख लिहिला होता. अकरा ड्रायव्हरांना भेटून. मे-जूनमध्ये लिहून पूर्ण केला, ऑगस्टमध्ये मेल केला. 'बघतो' असं उत्तर आलं. आणि एका रविवारी तोच लेख छापून आला, दुसऱ्याच बायलाइनखाली! इंट्रो बदललेला, बाकी सगळं तेच. अगदी एका ड्रायव्हरने मारलेला पांचट जोकसुद्धा.

आता मी फ्रीलान्सर. आमच्याकडे अपॉइंटमेंट लेटर नसतं, पीएफ नसतो, एचआर तर नसतंच नसतं. असते ती फक्त बायलाइन. मी मे महिन्यातली फाइल लॅपटॉपवर दाखवायला तयार होते. पण पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, 'फाइलची तारीख काय गं, लॅपटॉपचं घड्याळ मागे केलं की झालं!' तोंडात मारल्यासारखं झालं. कारण मुद्दा बरोबर होता ना!

त्या संध्याकाळी चेंबूरला मामाकडे जाऊन मनसोक्त रडले. मामेभाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान, नुकताच कोडिंगच्या नोकरीला लागलेला. त्याने पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'ताई, तू रडणं थांबव आणि आधी हॅश काढ.' स्वयंपाकघरातून मामी लाटणं घेऊनच बाहेर आली. तिला समजवायला दहा मिनिटं गेली, की ही ओढायची गोष्ट नव्हे.

तर हॅश म्हणजे तुमच्या फाइलच्या अंगठ्याचा ठसा. कॉपी दोन पानांची असो की दोनशे, एक ठरलेलं गणित तिच्यातून ६४ अक्षरांची एक ओळ काढतं. लेखातला एक अनुस्वार काढा, ठसा पार बदलतो. आणि ठशावरून लेख काही वाचता येत नाही. म्हणजे कॉपी आपल्यापाशी, ठसा जगजाहीर. तो ठसा अशा ठिकाणी नोंदवायचा, जिथे तारीख कुणालाही, आपल्यालासुद्धा, मागेपुढे करता येणार नाही. बस्स. मग उद्या कोणी 'मेपासून पडून आहे' म्हणालं, की आपण पुरावा काढायचा.

आयडिया सॉलिड होती. 'मग लगेच टाकूया की इथेरियमवर,' मी म्हटलं. नाव ऐकून होते मी! त्याने गंभीर चेहऱ्याने कॅलक्युलेटर काढला. नोव्हेंबर २०२१ ची गोष्ट. एक इथर सव्वातीन लाखांच्या पुढे गेला होता. ठसा नोंदवायला साधारण पन्नास हजार युनिट 'गॅस' लागणार, आणि त्या दिवशीच्या भावाने त्याचे झाले जवळपास १,६५० रुपये.

मला त्या लेखाचे मिळणार होते १,५००.

मी पोट धरून हसले. दुसरं काय करणार?

'किंवा मग,' तो म्हणाला, 'वीस पैशात करूया.' आणि त्या 'किंवा मग'पासून आमच्या घरात जे भांडण सुरू झालं, ते आजतागायत चालू आहे. मेन चेन की साइडचेन? ब्लॉकचेनवर काहीही बांधायला घेणाऱ्याला आज ना उद्या हा प्रश्न पडतोच. फक्त तो एका रडक्या पत्रकाराला पडेल, असं मला वाटलं नव्हतं.

मी ठाण्याची, तो चेंबूरचा. आम्ही नेहमी भेटतो ते कुर्ल्याला. त्यामुळे त्याने मला सगळा फंडा कुर्ल्याच्या पुलावर उभं राहून समजावला. इथेरियम ही मेन लाइन. तिच्यावर होणारा प्रत्येक व्यवहार जगभरचे हजारो कॉम्प्युटर आपापले तपासतात आणि कायमचा साठवून ठेवतात. डबे मात्र मोजकेच. तेव्हा सेकंदाला जेमतेम पंधरा व्यवहार. मग जो जास्त पैसे मोजेल, तो आधी चढेल. साइडचेन म्हणजे हार्बर. रूळ वेगळे, मोटरमन वेगळे, तिकीट वेगळं आणि स्वस्त. मेन लाइनवरची गर्दी इकडे सोसावी लागत नाही. दोन्हीकडची ये-जा एका पुलावरून. या पुलाला ब्लॉकचेनवालेही 'ब्रिज'च म्हणतात. (हार्बरवाल्यांनो, रागावू नका. मामेभाऊ तुमच्यातलाच आहे.)

आम्ही जी हार्बर निवडली ती पॉलिगॉन. अगदी आपल्या गावची! २०१७ मध्ये मुंबईत 'मॅटिक नेटवर्क' नावाने हे सुरू झालं, फेब्रुवारी २०२१ मध्ये नाव बदलून पॉलिगॉन झालं. तिला नुसती साइडचेन म्हणावं का, यावर जाणकार हमरीतुमरीवर येतात, कारण ती आपल्या हिशेबाचा गोषवारा ठरावीक वेळाने इथेरियमवर नोंदवत असते. पण तिथले व्यवहार खरे की खोटे हे ठरवणारी माणसं तिची स्वतःची. व्हॅलिडेटर म्हणतात त्यांना. तेव्हा जास्तीत जास्त शंभर. हजारो विरुद्ध शंभर. 'वीस पैशात तुला काय हजारो स्टेशनमास्तर हवेत?' मामेभाऊ म्हणाला. मी गप्प.

आणखी एक मजा. कोड खऱ्या चेनवर चढवायच्या आधी सराव करायला एक खोटी चेन असते, टेस्टनेट. तिथे फुकटची नाणी मिळतात, ज्यांची किंमत शून्य. पॉलिगॉनच्या टेस्टनेटचं नाव काय असावं? 'मुंबई'! हे ऐकून मी जाम खूश झाले होते. ही मुंबई लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

डिसेंबरपर्यंत आमचं छोटंसं पान तयार झालं. फाइल टाका, ठसा निघेल, चेनवर जाईल, लिंक मिळेल. मी ओळखीतल्या फ्रीलान्सर मंडळींना सांगितलं आणि बघता बघता तेहतीस जणं जमले. प्रत्येकाची एक तरी 'माझी पण स्टोरी ढापली होती यार' ही स्टोरी तयारच होती. जानेवारी २०२२ मध्ये मी माझा एक जीव लावून लिहिलेला ड्राफ्ट त्यात टाकला. लग्नाच्या हॉलमध्ये वाढप्याचं काम करणारी कॉलेजची मुलं, यावर. दुपारी लेक्चर, रात्री जिलबी. लिंक आली, मी ती बुकमार्क केली आणि निर्धास्त झाले.

मार्च २०२२ च्या शेवटी आमच्या ग्रुपवर एकच कल्ला. 'ए, आपलं पण गेलं का?'

झालं असं होतं, की 'अ‍ॅक्सी इन्फिनिटी' नावाच्या गेमच्या साइडचेनवर दरोडा पडला होता. तिचं नाव रोनिन. खेळणाऱ्यांना दर चालीला इथेरियमची फी परवडेना, म्हणून कंपनीने स्वतःची हार्बर काढली होती. तिला व्हॅलिडेटर किती? नऊ. त्यातल्या पाच जणांच्या सह्या झाल्या, की पुलावरची तिजोरी उघडणार. २३ मार्चला चोरांनी नेमक्या पाच चाव्या मिळवल्या. चार तर एकाच कंपनीच्या हातात होत्या. पाचवीची कथा वाचून मला आपल्या ऑफिसांची आठवण झाली. आदल्या नोव्हेंबरमध्ये कामाचा लोड वाढला, म्हणून कुणाला तरी तात्पुरती परवानगी दिली होती. डिसेंबरमध्ये ते काम बंद झालं, परवानगी मात्र काढायची राहून गेली! नोकरी सोडून गेलेल्याचं आयडी कार्ड गेटवर चालूच राहावं, तसं. १,७३,६०० इथर आणि अडीच कोटींहून जास्त डॉलरची डिजिटल नाणी गेली. एकूण साठ कोटी डॉलरच्या वर. आणि सगळ्यात भारी म्हणजे हे सहा दिवस कुणाला कळलंच नाही. एका माणसाला आपले पैसे काढता येईनात, तेव्हा २९ तारखेला झोल उघडकीला आला. पुढे अमेरिकेच्या एफबीआयने हे उत्तर कोरियाच्या हॅकरांचं काम असल्याचं जाहीर केलं.

पुलावर नेमकं होतं काय, हे मला तेव्हा नीट कळलं. तुमचं खरं नाणं मेन लाइनच्या बाजूला कुलपात बसतं आणि हार्बरवर तुम्हाला त्याची पावती मिळते. तुम्ही आयुष्यभर पावतीने व्यवहार करता. कुलूप फुटलं, की हातात नुसती पावती.

'पण आपण पुलावरून काही नेतच नाही!' मामेभाऊ टायपून टायपून थकला. 'आपले पैसे नाहीत, नाणी नाहीत. फक्त ठसे आहेत. ठसा चोरून कोण काय करणार?' तेहतीस जणांपैकी किती जणांना ते पटलं, कोण जाणे. मला पटलं, पण अर्धवट.

कारण त्याच सुमारास आणखी एक बातमी वाचली होती. गडचिरोलीतल्या एटापल्लीमध्ये ६५,००० जातीच्या दाखल्यांची नोंद ब्लॉकचेनवर होणार होती. कुठल्या? आमच्याच पॉलिगॉनवर. त्याच्या आदल्या वर्षी राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने डिप्लोमाच्या सर्टिफिकिटांसाठी हीच 'लेजिटडॉक' नावाची सिस्टिम घेतली होती, तेव्हा ती इथेरियमवर होती. म्हणजे बघा, आपल्याच राज्यात, एकच सिस्टिम, एका वर्षात मेन लाइनवरून हार्बरवर! आता जातीचा दाखला म्हणजे माझा दोन पानी लेख नव्हे. आज बारावीत असलेल्या मुलीला तो अ‍ॅडमिशनला लागणार, नोकरीला लागणार, तिच्या मुलांच्या वेळीही दाखवावा लागणार. चाळीस वर्षांनी ती हार्बर धावत असेल का?

हाच प्रश्न मी कुर्ल्याला चहा पिताना टाकला. 'आपल्याला भीती नक्की कसली आहे रे? चोरीची नाही, हे कळलं. मग कसली?' तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'दोनच गोष्टींची. एक, शंभर जणांनी संगनमत करून जुना हिशेब बदलला तर. दोन, चेनच बंद पडली तर.' पहिलीची मला फारशी काळजी नव्हती. माझ्या वाढप्यांच्या लेखासाठी शंभर माणसं कट करणार? इतकं भाग्य कुठलं! पण दुसरी... आयुष्यात मी तीन मासिकं, दोन वेबसाइट आणि एक अख्खं चॅनल बंद पडताना पाहिलंय. बंद पडणं ही गोष्ट मला कुणी समजवायला नको.

उपाय शेवटी त्यानेच काढला, आणि तो काही नवा नव्हता. ब्लॉकचेनच्या जन्माआधीपासून माहीत असलेली युक्ती आहे. महिन्याचे समजा दीडशे ठसे जमले. त्यांच्या जोड्या लावायच्या, प्रत्येक जोडीचा मिळून एक नवा ठसा काढायचा. मग त्या ठशांच्या जोड्या. गल्ली क्रिकेटच्या टुर्नामेंटचा ड्रॉ असतो ना, अगदी तसं, फायनलपर्यंत. वर उरतो एकच ठसा. तेवढा एक मेन लाइनवर टाकायचा. एका व्यवहारात दीडशे लेख! आपला लेख त्यात होता हे सिद्ध करायला आपल्या वाटेत आलेले सात-आठ ठसे दाखवले की पुरतं. रोजचं रोज हार्बरवर, महिन्याचा गोषवारा मेन लाइनवर.

'आणि जुने सगळे ठसे पण घाल त्यात,' मी म्हटलं.

'ताई, ते ऑलरेडी चेनवर आहेत. कशाला?'

'असू दे रे. दोन डब्यांत ठेवलेलं बरं.' आजीचं लोणच्याबाबतचं धोरण होतं ते. त्याने डोळे फिरवले, पण घातले.

मुहूर्त काढला १ मे २०२२. महाराष्ट्र दिन, रविवार, सुट्टी. सकाळी सातला मी चेंबूरला हजर. बटण दाबायला गेलो, तर फीचा आकडा बघून मामेभाऊ खुर्चीतून उठलाच. त्याला वाटलं कोड चुकलं. कोड बरोबर होतं. 'बोर्ड एप'वाल्यांनी त्याच वेळी आपल्या काल्पनिक जगातले ५५,००० प्लॉट विकायला काढले होते. हो, न दिसणाऱ्या जमिनीचे प्लॉट! ते घ्यायला जगभरातून अशी झुंबड उडाली, की लोक एकेका प्लॉटसाठी हजारो डॉलर नुसती फी भरत होते. आपण दूध आणायला निघावं आणि गल्लीत दुसऱ्याची वरात अडकलेली असावी. मेन लाइनची ही एक गोची आहे. रस्ता सगळ्यांचा, त्यामुळे नाचही सगळ्यांचा. आम्ही पोहे खाल्ले आणि घरी गेलो. पुढच्या रविवारी, ८ मे रोजी, गर्दी ओसरल्यावर साधारण ३०० रुपयांत काम झालं. तेहतीस जणांत माणशी नऊ रुपये.

मग दोन वर्षं काही घडलं नाही. अशा सिस्टिमचं हे असंच असतं. काही घडेपर्यंत ती म्हणजे रविवारचा टाइमपास.

मे २०२४. एका ओटीटीवर नवीन सिरीज आली. लग्नाचा हॉल, वाढपी, कॉलेजची मुलं... मी दुसऱ्या एपिसोडला उठून बसले. जुलै २०२२ मध्ये 'रिसर्चसाठी हवंय' म्हणून कुणीतरी माझा ड्राफ्ट मागून घेतला होता. तेव्हा तो कुठे छापूनही आला नव्हता. मेल केला. उत्तर काय यावं? 'आमची कन्सेप्ट जून २०२२ पासूनची आहे.' पुन्हा जून-जुलैचा घोळ! पण या वेळी मी हसले. बुकमार्क उघडला.

पान उघडेना.

पुन्हा. पुन्हा. नेट चालू होतं. मग मी लिंक नीट वाचली. तिच्यात सुरुवातीलाच लिहिलं होतं... 'मुंबई'.

मामेभावाला फोन केला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. सराव संपवून खऱ्या चेनवर जाताना सेटिंगमधली एक ओळ बदलायची त्याच्याकडून राहून गेली होती. डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२, आमचे पहिले सगळे ठसे टेस्टनेटवर गेले होते. फुकटच्या नाण्यांनी. मार्चमध्ये सर्व्हर बदलताना ती ओळ आपोआप नीट झाली आणि कुणाला पत्ताच लागला नाही. लागणार कसा? खिशातून वीस पैसे गेले की नाही गेले, हे कोण बघतं! आणि एप्रिल २०२४ मध्ये ती मुंबई कायमची बंद झाली होती. तिच्या जागी नवं टेस्टनेट आलं होतं, अमॉय नावाचं.

मी त्याला काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही. मामीने फोन काढून घेतला त्याच्याकडून.

रात्री अकराला त्याचा मेसेज. 'ताई, लोणचं.'

८ मे २०२२ च्या गोषवाऱ्यात मी जुने ठसे घालायला लावले होते ना! माझा वाढप्यांचा लेख त्यात होता. त्याने ते आठ ठसे शोधून काढले, मी मूळ पीडीएफ शोधून काढली (तीच फाइल हवी, पुन्हा सेव्ह केलेली चालत नाही, हे मात्र मी पहिल्यापासून पाळलं होतं), आणि गणित जुळलं. जानेवारी सिद्ध होत नव्हता. पण ८ मे होत होता, आणि ८ मे हा जूनच्या आधी येतो. तीनशे रुपये झोंबल्यामुळे त्या दिवशी आम्ही सेटिंगची एकेक ओळ चार वेळा तपासली होती, हेही आठवलं.

पुरावा पाठवला. 'जून २०२२'चा विषय त्यांच्याकडून पुन्हा निघाला नाही. निघाला तो दुसराच. 'फाइल तेव्हा होती हे मान्य, पण ती तुम्हीच लिहिली कशावरून? आणि एकच कल्पना दोघांना सुचू शकते.' आता याला मेन लाइन काय आणि हार्बर काय, दोन्हीकडे उत्तर नाही. ठसा तारीख सांगतो, बाप सांगत नाही. तिथे कामी आला तो माझ्या लेखातला एक वाढपी. आता तो बँकेत आहे. सिरीजमधला एक डायलॉग त्याने मला जसाच्या तसा सांगितला होता, आणि तसं त्याने लिहून दिलं. ग्रुपमधल्या एका वकील मैत्रिणीने आणखी एक गोष्ट दाखवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडायचं, त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागाच आहे. तो नमुना भरून आम्ही त्यांना पाठवला. कोर्टात काही जावं लागलं नाही. तीन महिन्यांनी शेवटच्या पाट्यांमध्ये माझं नाव आलं. आडनावात ऱ्हस्वदीर्घाची चूक आहे. मानधनाचं अजून 'बघतो' चालू आहे.

आता आमचं नवं भांडण. गेल्या काही वर्षांत मेन लाइनच बदलली. मार्च २०२४ च्या अपग्रेडनंतर इथेरियमवर टेकलेल्या 'रोलअप' नावाच्या लाइनी स्वस्त झाल्या, बरीच गर्दी तिकडे वळली. २०२५ मध्ये काही शांत दिवशी आमचा गोषवारा पंधरा-वीस रुपयांत गेलाय. मामेभाऊ म्हणतो, 'मग आता हार्बर हवीच कशाला? थेट मेनवर टाकूया सगळं.' मी म्हणते, आज वीस रुपये आहेत, उद्या कुणाची तरी वरात निघाली की? शिवाय गोषवारा महिन्यातून एकदा. मी मंगळवारी ड्राफ्ट संपवला आणि बुधवारी कुणाला मेल केला, तर मला मंगळवारचाच ठसा हवा. तो हार्बर देते, लगेच. तो म्हणतो, ताई, तू घाबरट आहेस. मी त्याला फक्त 'मुंबई' एवढंच म्हणते. मग तो चहा मागवतो.

परवाच्या रविवारी पुन्हा बसलो होतो. आता आम्ही एकेचाळीस जणं आहोत. फी आली अठरा रुपये. माणशी भागायला गेलं तर पैशातच येते, म्हणून ज्याची पाळी त्याने भरायची असं ठरलंय. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. वर कोपऱ्यात नेटवर्कचं नाव येतं, ते मी मोठ्याने वाचायचं, हा आमचा नियम आहे.

'इथेरियम मेननेट,' मी वाचलं.

'पुन्हा,' तो म्हणाला.

'इथेरियम मेननेट.'

मग त्याने बटण दाबलं.